नंबर भागून बघणारे भाऊ

गडचिरोली जिल्ह्यात आज जेवढे मोबाईल नंबर चालू आहेत, त्यांतल्या निम्म्यांचं कूळमूळ एकाच माणसाला ठाऊक आहे, असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल, हा कोकणातून आलेला स्वयंपाकी थापा मारतोय. बरं, निम्म्यांचं नसेल. पण आमच्या आश्रमशाळेतले झाडून सगळे मास्तर, दोन बसचे कंडक्टर, किराणा दुकानदार आणि डासांची फवारणी करायला वर्षातून एकदा येणारा माणूस, एवढ्यांचं तर नक्की. आता कूळमूळ म्हणजे नंबर कुणाच्या नावावर आहे, कुठल्या कंपनीचा आहे, ते नव्हे. त्याच्याशी भाऊंना काही देणंघेणं नाही. दहा आकडी नंबर ही एक भलीमोठी संख्या आहे असं धरायचं, आणि मग तिला कितीने भाग जातो, कितीने जात नाही, तिच्या पोटात कोण कोण दडून बसलंय, हे शोधत राहायचं. एखादी संख्या कशानेच भागली गेली नाही, अविभाज्य निघाली, तर भाऊ त्या माणसाकडे रस्त्यात थांबून जरा आदराने बघतात. त्या माणसाला वाटतं, आपल्या शर्टाला काहीतरी लागलंय.

मी स्वतः गणितापासून पळालेला माणूस. सातवीत लसावि आणि मसावि एकाच आठवड्यात आले आणि पुढच्या आठवड्यात मी शाळेत गेलो नाही. पुढे कणकवलीत हॉटेलात, मग कुणाच्या तरी ओळखीने नागपुरात, आणि तिथून या जंगलातल्या आश्रमशाळेच्या भटारखान्यात. मी उतरलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती, बस धूळ उडवत निघून गेली आणि स्टॉपवर भाऊ एकटेच बसलेले. मी मुळातला घाबरट. गॅस बंद केला का हे बघायला तीनदा उठणारा. त्यात या माणसाने माझं नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. "नंबर काय तुह्या?" म्हणाला. मला वाटलं, हा पोलिसांचा माणूस असणार. भीतीने खरा नंबर सांगून टाकला. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, आणि म्हणाले, "तीनानं जाते. चांगलं हाय. काही खाल्लं का?" मी नाही म्हटलं. मग मला घरी नेऊन भात आणि अंबाडीची भाजी वाढली. शाळेची खोली उघडून मिळेपर्यंत चार दिवस मी त्यांच्याकडेच राहिलो. त्या अंबाडीच्या भाजीचे उपकार मी अजून फेडू शकलेलो नाही, आणि मला फेडायचेही नाहीत.

भाऊ नोकरीत होते तेव्हा लाकूड डेपोत होते. जंगलातून आलेले लठ्ठे टेपने मोजायचे आणि प्रत्येकाच्या कापलेल्या तोंडावर ओळीने नंबर टाकायचा. एक, दोन, तीन करत हंगामभर. असं तीस वर्षं केल्यावर दुसऱ्या एखाद्याला आकड्यांची शिसारी आली असती. भाऊंचं उलटं झालं. ते म्हणतात, "माणूस रोज ज्याच्या तोंडाकडं पाह्यते, त्याच्याशी बोलल्याबिगर राहाते का?" कुठल्याशा शाळेच्या रद्दीत त्यांना गणिताचं एक फाटकं पुस्तक मिळालं. त्यात परिपूर्ण संख्यांची गोष्ट होती. म्हणजे असं की, सहाला एक, दोन आणि तीन यांनी भाग जातो, आणि एक, दोन, तीन यांची बेरीज पुन्हा सहाच. अठ्ठावीसचंही तसंच. मग चारशे शहाण्णव. आणि त्यानंतर एकदम आठ हजार एकशे अठ्ठावीस. मधल्या हजारो आकड्यांपैकी एकालाही हे जमलेलं नाही. त्या हंगामात डेपोत आठ हजार एकशे सत्तावीस लठ्ठ्यांवर नंबर पडले आणि पुढचा लठ्ठा आला तो वाकडा, पोकळ, मुंग्यांनी भरलेला, ऐनाच्या झाडाचा. भाऊंनी हातातला नंबर ठोकायचा हातोडा खाली ठेवला. "परिपूर्ण संख्या या पोकळावर? मी नाई मारत." साहेब ओरडले, मजूर बसून राहिले, ट्रक खोळंबला. शेवटी चौघांनी मागच्या थप्पीतून एक सरळसोट साग ओढून आणला, त्यावर तो नंबर पडला, आणि भाऊंनी त्या लाकडाला हात जोडले. पोकळ ऐनाला पुढचा नंबर मिळाला. मी विचारलं, "भाऊ, याच्या पुढची परिपूर्ण संख्या कोणती?" तर म्हणाले, "तीन कोटींच्या वर. तेवढी झाडं असतीन इथी. माह्यापाशी तेवढे दिवस नाई."

निवृत्त झाल्यावर लठ्ठे संपले, आणि तेवढ्यात गावात मोबाईल आले. देवाने एक दार लावलं आणि दहा आकड्यांची खिडकी उघडली. डेपोतून मोडीत निघालेली कोरी रजिस्टरं भाऊंनी आधीच घरी आणून ठेवली होती. त्यांत त्यांनी एक लाखापर्यंतच्या सगळ्या अविभाज्य संख्या हाताने लिहून काढलेल्या आहेत. नंबर हाती आला की ती यादी पुढे घेऊन बसायचं आणि एकेकाने भागत जायचं. कॅल्क्युलेटर वापरत नाहीत. "मशीन उत्तर सांगते, वळख करून देत नाई," असं त्यांचं म्हणणं. एखादा नंबर दोन दिवसांत सुटतो, एखादा महिनाभर छळतो. ज्यांना पुष्कळ लहान लहान संख्यांनी भाग जातो ते 'गोतावळ्याचे'. ज्यांच्या पोटात दोनच मोठे असतात ते 'नवरा-बायकोचे'. आणि अविभाज्य ते 'एकटे'. आमच्या अधीक्षक मॅडमचा नंबर गोतावळ्याचा निघाला, तेव्हा भाऊंनी त्यांना भर व्हरांड्यात सांगितलं, "मॅडम, तुमच्याकडं पाव्हणे लई येत असतीन." मॅडम म्हणाल्या, "भाऊ, माझ्याकडे कोणी येत नाही, सगळे तुमच्याकडे जाऊन नंबर देऊन येतात." बसमध्ये तर त्यांना तिकीट देणं म्हणजे धोकाच. एकदा तिकिटाचा नंबर भागता भागता गडचिरोली आली, बस रिकामी झाली, आणि कंडक्टर समोर उभा राहून हात जोडून म्हणाला, "भाऊ, उतरा जी. बाकी उरली ते घरी जाऊन पाहा." भाऊ म्हणाले, "बाकी नाई उरली, तेच तर पाहून राह्यलो."

एकाच गोष्टीचा त्यांना मनापासून राग होता. आकडा शुभ की अशुभ, असं कुणी विचारलं की ते भडकायचे. गिट्टीचा एक ठेकेदार नवीन टिप्पर घेणार होता, तो मिठाईचा पुडा घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्हाले आकड्यातलं समजते. गाडीले लकी नंबर सांगा." भाऊंनी पुडा उघडलासुद्धा नाही. "आकड्याले काय मालूम तू दारू पिऊन चालवून राह्यला का बिना पिऊन? आकडा कोनाचं भलं करत नाई, बुरं करत नाई. म्हणून तर तो माह्या दोस्त हाय. माणसं करतेत भलं-बुरं." ठेकेदार गेला. मिठाईचा पुडा ओट्यावरच राहिला, तो मी नंतर, भाऊंचं लक्ष नाही असं बघून, उचलला. वाया गेलेलं अन्न मला बघवत नाही.

माझ्या आईचा नंबर त्यांनी मी आल्यावर महिन्याभरात मागून घेतला होता. मी तेव्हा रोज संध्याकाळी फोन हातात धरून बसायचो. गावाला आई एकटी, आणि इथे रेंज येते ती फक्त शाळेच्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, तीही तिसऱ्या पायरीपासून वर. मी असा जिन्यावर बसलेला बघून भाऊ म्हणाले, "मायचा नंबर दे इकडं. तू नुसता पाह्यत बसते, मी काहीतरी कामाचं पाह्यतो." नऊ दिवस त्यांनी तो भागला. दहाव्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला होता, तर भटारखान्याच्या दारात उभे. चेहरा असा, की जणू मुलीचं लग्न ठरवून आलेत. "कोकण्या, तुह्या मायच्या नंबरात चौघं हायेत. चारही एकटे. दोन लहान, एक मधला, आणि एक दांडगा, सहा हजाराच्या घरातला." मला त्यातलं काही कळलं नाही, पण माझ्या आईकडे नऊ दिवस एवढ्या आपुलकीने कुणी पाहिलं नव्हतं, एवढं कळलं. त्यांनी रजिस्टरात ते चौघं लिहून ठेवले. मूळ नंबर ते कधीच लिहीत नाहीत. "बी ठेवली का झालं," म्हणतात.

गेल्या वर्षी आईच्या पोटात गाठ निघाली. शेजारच्या काकू तिला जिल्ह्याच्या गावी कुठल्याशा दवाखान्यात घेऊन गेल्या. मी पोचायचं म्हटलं तर दोन दिवसांचा प्रवास, आणि डॉक्टरांनी ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी सकाळी ठरवलं. आई फोनवर एवढंच म्हणाली, "झिला, संध्याकाळी फोन कर. तुझो आवाज ऐकल्याशिवाय मी आत जावचंय नाय." आणि माझी आई जे म्हणते ते करते. वडील गेले तेव्हा मी पोचेपर्यंत तिने पोलिसांनाही त्यांना उचलू दिलं नव्हतं. मी तिला हो म्हटलं, स्वयंपाकाला लागलो, आणि दोनशे पोरांच्या वरणाची चव बघायला वाकलो. शर्टाच्या वरच्या खिशातून माझा बटणांचा फोन घसरला आणि उकळत्या वरणात गेला. बुडबुडे आले. मी डाव घालून तो बाहेर काढला तेव्हा त्याला हळद लागली होती. सिम कार्डही शिजलं होतं. पाठ असलेला एकही नंबर नाही. काकूंचा नाही, गावातला कुणाचाच नाही, सगळे त्या फोनच्या पोटात. दवाखान्याचं नाव मी विचारलं नव्हतं. दुसरं सिम काढायचं तर तालुक्याला जायला हवं, आणि दुपारची बस गेलेली. तिकडे आई माझा नंबर लावत असणार आणि तिला बंद लागत असणार, आणि ती काय काय मनात आणत असणार, हे मला दिसत होतं. मी चुलीपुढे खाली बसलो. मॅडम धावत आल्या, त्यांनी आपला फोन पुढे केला. पण त्यावर लावू काय?

कुणीतरी भाऊंना सांगितलं. ते धोतराचा सोगा हातात धरून पळत आले. साठीच्या पुढचा माणूस पळताना मी पहिल्यांदाच बघितला. "रजिस्टर हाय न बे! रडून काऊन राह्यला?" आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. कोपऱ्यात रजिस्टरांची चळत. एकेक काढून ते पानं उलटत होते, "हे कंडक्टरचं, हे तलाठ्याचं, हे..." आणि मग थांबले. आईचं पान सापडलं होतं, पण रजिस्टरच्या कडेला वाळवी लागली होती. लहान दोघं शाबूत, मधला शाबूत. दांडग्याचे तीन आकडे होते, सहा, एक, तीन, आणि चौथ्याच्या जागी भोक. भाऊंनी भोकात बोट घालून बघितलं, जणू आकडा आत पडला असेल. "उधईनं मायचा पाय खाल्ला," असं काहीतरी पुटपुटले. मग ते आठवायला लागले. डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. आठवेना.

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, दहाच शक्यता आहेत. दहा फोन लावू." भाऊंनी मान हलवली. "दहा कायले? हा एकटा हाय, मॅडम. एकट्याच्या शेवटी सम आकडा येत नाई, पाच येत नाई. राह्यले चार. एक, तीन, सात, नऊ." जमिनीवर बसून कोळशाने फरशीवर भागायला सुरुवात केली. सहा हजार एकशे एकोणचाळीस सातनेच गेला. "हा नाई." सहा हजार एकशे सदतीस सतराने गेला. "हा बी नाई." उरलेल्या दोघांना ते एकेका अविभाज्याने भागत गेले, त्र्याहत्तरपर्यंत; त्यापुढे बघायची गरज नसते म्हणे. मी शेजारी उभा राहून घाम पुसत होतो, माझा नाही, त्यांचा. शेवटी कोळसा टाकून म्हणाले, "एकतीस आन् तेहतीस, दोघंही एकटे. जुळे हायेत. यातला तुह्या मायचा कोनता, ते देवाले मालूम." मॅडमनी फोनवर दोन्ही गुणाकार केले आणि आम्ही टाकीच्या जिन्याकडे निघालो.

चौथ्या पायरीवर मी, पाचवीवर मॅडम, तिसरीवर भाऊ, वर बघत. एकतीसचा नंबर आधी लावला. रिंग गेली.  एका पुरुषाने उचलला. मी एकदम बोललो, "आई आहे का?" तो मग म्हणाला, "आहे. माझी आहे. देऊ का?" मी माफी मागितली. तो म्हणाला, "अहो, बोला तिच्याशी, तिच्याशी कुणी बोलत नाही हल्ली." अजून मला वाटतं, बोलायला हवं होतं. पण मी ठेवला.

तेहतीसचा लावला. अर्धी रिंग झाली नाही तोच, "झिला? खंय होतंस रे? दुपारपासून लावतंय, लागणा नाय! माका वाटला..."   मॅडमनी पदराने डोळे पुसले. खाली तिसऱ्या पायरीवर भाऊ "लागला का? लागला का बे?" असं विचारत होते. मी आईला सगळं सांगितलं, वरण, वाळवी, जुळे, सगळं. ती म्हणाली, "त्येंका दी फोन." मी भाऊंच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला उलटा लावला, मग सुलटा केला.

आईची मालवणी भाऊंना कळेना, भाऊंची झाडीबोली आईला कळेना. दोघंही मोठ्याने बोलत होते, मोठ्याने बोललं की भाषा कळते असं समजून. मग आईने एक प्रश्न विचारला, तो मात्र मला वरून स्वच्छ ऐकू आला. "भाऊनूं, माका भय वाटता हां. तुमी नऊ दिवस माझ्या नंबराकडे बघल्यात. तो शुभ आसा मा?"

मी डोळे मिटून घेतले. मला ठेकेदार आठवला, मिठाई आठवली. म्हटलं, आता हा माणूस माझ्या आईला आकड्याचं तत्त्वज्ञान सांगणार, आणि ती उद्या टेबलावर झोपायची नाही. भाऊ समोरच्या सागाकडे बघत होते. मग म्हणाले, "शुभ हाय बाई. लई शुभ हाय. एवढे नंबर पाह्यले मी, असा नाई पाह्यला. तुम्ही जा बिनधास्त. काई होत नाई तुम्हाले." फोन माझ्याकडे देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आई म्हणाली, "ऐकलंस? आता माका काय होवचा नाय. तू जेव." आणि तिनेच फोन ठेवला.

उतरताना मी त्यांच्या पाया पडायला गेलो तर त्यांनी मला बाजूला सारलं. "इतकी वर्षं आकड्याच्या बाबतीत लबाड बोललो नव्हतो," म्हणाले. "जाऊ दे. भात पाह्य तुह्या, करपून राह्यला असन." भात करपला होताच. त्या दिवशी पोरांनी करपलेला भात आणि दुसऱ्यांदा टाकलेलं वरण खाल्लं, आणि कुणी एका शब्दाने बोललं नाही. मी त्यांचाही ऋणी आहे.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. आई बरी आहे, पण आता एकटीने विहिरीचं पाणी काढणं तिला झेपत नाही. फोनवर ती सांगत नाही, काकू सांगतात. म्हणून दिवाळीनंतर मी कायमचा गावी जायचं ठरवलंय. शाळेत सांगितलं, मॅडमना सांगितलं, भाऊंना सांगायला आठ दिवस लागले. परवा संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून कसंबसं बोललो. ते म्हणाले, "जा न. मायजवळ जायाले परवानगी मागते का कोनी?" मग आत जाऊन अंबाडीचं वाळवण बांधून आणलं, आईसाठी. मी म्हटलं, "भाऊ, तुमचा नंबर द्या. पोचल्यावर कळवीन." आणि विचारता विचारताच माझ्या लक्षात आलं. इतक्या वर्षांत मी त्यांना दुसऱ्यांच्या नंबरांशी बोलताना पाहिलं, स्वतःचा फोन हातात कधी पाहिला नाही. ते हसले. "मले कोन फोन करते बे? मी तं इथीच असतो."

मी वाळवणाची पिशवी घेऊन निघालो. एरवी त्यांच्या ओट्यावरून निघालो की तीनदा मागे वळून बघणारा मी; आल्यापासून आठ वर्षांत पहिल्यांदाच, शाळेपर्यंत पोचलो तरी मागे वळून बघायचा धीर झाला नाही.